सावडीनं शिवलेला बैल

आमच्या नणंदबाईंच्या पहिल्या बाळंतपणात आम्ही जे दुपटं शिवून कॅनडाला पाठवलं, त्यावरचं जनावर नक्की कोणतं होतं यावरून आमच्या घरात आजही वाद होतो. आमचे हे म्हणतात गेंडा. धाकटा मुलगा म्हणतो डायनासोर. मी सांगते की तो बैल होता, कारण मी स्वतः त्या कामात होते आणि तो बैल आहे असं आम्ही सगळ्या बायकांनी मिळून ठरवलं होतं. एकदा ठरलं की ठरलं, ही आमच्या सासूबाईंची शिस्त.

तेव्हा भोंगवलीत घरोघरी मोबाईल आले नव्हते. आमच्याकडे खिडकीत फोन होता आणि त्याच्यावर क्रोशाचं झाकण होतं. नणंदबाईंचा फोन रविवारी सकाळी यायचा. शनिवारपासूनच सासूबाईंची नजर त्या झाकणावर असायची. वन्सं शिकलेल्या, लग्न होऊन कॅनडाला गेलेल्या. त्यांना दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सासूबाईंनी गृहीतच धरलं की पहिलं बाळंतपण माहेरी होणार. डिंक आणला, अळीव आणले, बाज नव्यानं विणून घेतली. मग एका रविवारी कळलं की वन्सं येणार नाहीत. जावयांची रजा, तिकडचे डॉक्टर, विमानाचा प्रवास, अशी कारणं होती आणि सगळी खरी होती. सासूबाई "बरं बाई" म्हणाल्या, फोन ठेवला आणि त्या नव्या बाजेवर तूर वाळत घातली.

पुढच्या रविवारी त्यांनी फोनवर जाहीर करून टाकलं, "दुपटं मात्र म्या करणार. कुनाच्या तरी हाती धाडते."

आमच्याकडे दुपटं म्हणजे नवं कापड नव्हे. आईनं नेसून नेसून मऊ केलेलं लुगडं घ्यायचं, त्याच्या घड्या घालायच्या आणि वरून बारीक धावदोरा घालायचा. पोर त्यात गुंडाळलं की आजीच्या कुशीत असल्यासारखं गप्प होतं. पण वन्सं तिकडून म्हणाल्या, "आई, जुनं नको गं. इथं जुन्या कपड्यांना जंतू म्हणतात. तुला करायचंच असेल तर इथल्यासारखं कर. कापडाचे आकार कापून वर शिवलेले असतात, चित्र तयार होतं. मी वहिनीला नमुना पाठवते, तो डाउनलोड करून घ्या आणि अगदी तसंच करा."

फोन ठेवल्यावर सासूबाई बराच वेळ ताक घुसळत होत्या. लोणी कधीच वर आलं होतं.

"जंतू म्हनं," त्या रवीकडे बघत म्हणाल्या. "माझ्या हिरव्या लुगड्याचा पदर चोखून चोखून भोक पाडलं हिनं. पदर हातात असल्याबिगर झोपत न्हवती. तवा कुठं गेलते जंतू?"

सासूबाई रागावल्या की त्यांना बोलू द्यावं, तुपासारखा राग वितळतो. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सरळच म्हणाल्या, "त्या लेकराजवळ तिकडं माझं काय हाय? म्या न्हाई, माझी बाज न्हाई, माझा डिंक न्हाई. येवढं एक लुगडं तरी जाऊ द्यायचं का न्हाई?"

मला फार वाईट वाटलं. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी भोरला निघाले. भोंगवलीहून सारोळ्यापर्यंत वडापची जीप आणि पुढे एसटी. भोर माझं माहेर, त्यामुळे तिथं नेटचं दुकान कुठं आहे ते मला ठाऊक होतं. पूर्वी तो एसटीडी बूथ होता. मालक तोच होता, काचेची पेटीही तीच होती, फक्त फोनच्या जागी कॉम्प्युटर आले होते. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. रोज सकाळी तो कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचा आणि मग कीबोर्डवरचं भरतकामाचं झाकण काढायचा.

माझा ईमेल वन्संनीच जाण्यापूर्वी उघडून दिला होता. त्यात तोवर एकच पत्र आलेलं होतं, ईमेल उघडल्याबद्दल अभिनंदनाचं. आता दुसरं आलं होतं. त्यातल्या निळ्या अक्षरांवर मालकानं दाबलं आणि पडद्यावर एक पट्टी आली. ती पट्टी भरली की नमुना आपला, असं तो म्हणाला. आम्ही दोघं पट्टीकडे बघत बसलो. मागं रेल्वेचं आरक्षण करायला आलेले एक गुरुजी होते, तेही बघत बसले. पट्टी शेवटाला आली आणि वीज गेली. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. गुरुजी म्हणाले, "आता हात लावू नका कुणी." कुणी लावलाच नव्हता.

शेवटी नमुना उघडला. मला क्षणभर काहीतरी तपकिरी आणि मागं हिरवी झाडं दिसली, तेवढ्यात मालकानं चाक फिरवून ते वर सरकवलं.

"ताई, पहिल्या पानावर नुसतं रंगीत चित्र आहे," तो म्हणाला. "त्यात कामाचं काही नाही, शाई खाईल. मी कामाची पानं काढून देतो."

माणूस भला होता. माझाच खर्च वाचवत होता. मीही मान डोलावली. त्याच्या भलेपणापायी आमच्यावर जे गुदरलं ते त्याला आजतागायत माहीत नाही.

कामाची पानं म्हणजे पंधरा-वीस कागद. प्रत्येकावर काळ्या रेघेनं एखादा वाकडातिकडा आकार, कडेला तुटक रेघांची चौकट, आणि एका कागदाच्या कोपऱ्यात छोटासा चौकोन. एक पान इंग्रजी सूचनांचं. ते मी एसटीत वाचलं. मी बारावी आहे, आणि मला त्यातला शब्दनशब्द कळला, फक्त वाक्यं कळली नाहीत. एक सूचना तेवढी स्पष्ट होती, की आकार फ्रीझर पेपरवर उतरवायचे. एका बाजूनं मेणचट असलेल्या कागदाला तसं म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या आळीत फ्रीज एकट्या गिरणीवाल्या काकूंकडे होता. मी सगळे कागद त्यांच्या फ्रीजमध्ये, वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ते गारढोण आणि थोडे ओले झाले होते, पण इंग्रजीत लिहिलंय म्हटल्यावर काहीतरी कारण असेल, असं काकू म्हणाल्या आणि मलाही ते पटलं.

मी ते कागद वाळत घातले आणि म्हशीच्या धारेला गेले. माझा विचार असा होता की आल्यावर कागद खळीनं एकमेकांना चिकटवायचे आणि पुरतं चित्र काय आहे ते बघायचं. परत येते तर उंबऱ्यात सासूबाई एकट्याच बसलेल्या आणि कागद गायब.

"आत्या, कागद कुठं गेले?"

"सावडीला दिलं," त्या म्हणाल्या.

आता हे समजायला आमच्या सासूबाई वेल्ह्याकडच्या आहेत हे ठाऊक पाहिजे. तिकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज तुझ्या खाचरात सगळ्या, उद्या माझ्या खाचरात सगळ्या. प्रत्येकीनं आपल्या वाट्याचा पट्टा धरायचा, मान खाली घालायची आणि लावत सुटायचं. शेजारणीचा पट्टा कसा चाललाय हे बघत उभी राहिली तर ती कामचुकार. सासूबाईंनी भोंगवलीत येऊन पापड, कुरडया, गोधड्या, सगळंच सावडीवर आणलं होतं. मग नमुन्याचे कागद तरी कशाला सोडतील? त्यांनी शेजारपाजारच्या तिघींना हाक मारली, कागद पत्त्यांसारखे वाटले आणि सांगितलं, जिनं तिनं आपापलं नीट करून आणा.

"अहो पण चित्र कसलं आहे तेच अजून कुणाला माहीत नाही."

"भात लावताना काय पुलाव दिसतो व्हय?" त्या म्हणाल्या. "तुझा वाटा त्यो बघ, कोनाड्यात ठेवलाय."

माझ्या वाट्याला जे आलं होतं ते लांबट, फुगीर, टोकाला गोल आणि त्यात एक भोक. मी ते आडवं धरलं, उभं धरलं. शेवटी मला स्वच्छ दिसलं की ते वांगं आहे आणि ते भोक किडीचं आहे. कॅनडावाले बाळाच्या दुपट्यावर किडकं वांगं काढतात याचं मला नवल वाटलं, पण वन्संनी बजावलं होतं, अगदी तसंच करा. मी जांभळं कापड घेतलं. देठ नमुन्यात नव्हता, तो मी मनानं हिरवा लावला, कारण बिनदेठाचं वांगं मला बघवेना.

कापड सगळं नवं होतं. आमच्या गावात शिवणकामाचं दुकान होतं, ते चालवणाऱ्या मामूंच्या बायकोला सगळं गाव चाची म्हणायचं. चाचीनं पॅन्टपीसचे उरलेले तुकडे गाठोडंभर दिले. गडद तपकिरी, काळा, राखाडी, सगळे पुरुषांच्या विजारींचे रंग, आणि वर थोडे रंगीत ब्लाउजपीसचे तुकडे. चाचीच्या वाट्याला झाडाच्या पानासारखा एक निमुळता आकार आला होता. तिनं ती कोयरी धरली आणि आत साखळी टाक्यानं अशी भरली की नवरीच्या शालूवर शोभावी. गिरणीवाल्या काकूंना मिळाला तळवा आणि बोटं. बोटं जास्त होती. काकू म्हणाल्या, काढणाऱ्याची चूक झाली असेल, आणि त्यांनी मोजून पाचच ठेवली. मनगट उघडं दिसत होतं म्हणून हिरव्या कापडाच्या बांगड्या भरल्या. काकूंना तसेच दोन कागद आले होते, त्यामुळे दोन्ही हात झाले.

अंगणवाडीच्या बाईंकडे लांब नळकांडं आणि त्याच्या खाली फुगवटा, असे चार आकार गेले. बाई हुशार. बाळाचं दुपटं म्हणजे मोजे, हे त्यांनी चटकन ओळखलं. चारही लाल केले आणि वर फुलं काढली. चार मोजे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, जुळं झालं तर? त्यांच्याच कागदाच्या कोपऱ्यात तो छोटा चौकोन होता. छापताना माप बरोबर आलंय की नाही ते तपासायला तो ठेवलेला असतो, हे मला पुढे कधीतरी कळलं. बाईंनी तो पिवळ्या कापडाचा कापला आणि मोज्यांच्या शेजारी लावला.

"हे काय?" मी विचारलं.

"साबण," त्या म्हणाल्या. "मोजे धुवायला."

आणि तुटक रेघा. कागद जोडायची खूण म्हणून त्या छापल्या होत्या. पण गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला तुटक रेघ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, तो धावदोरा. पाचही जणींनी एकमेकींना न विचारता प्रत्येक तुटक रेघेवर सुरेख धावदोरा घातला. एकीचा टाका वाकडा नाही.

सासूबाईंनी स्वतःसाठी सगळ्यात मोठ्या आकाराचे कागद ठेवले होते. एक लांबच लांब चढ, मध्ये उंचवटा, मग उतार. त्यांनी ते बघताक्षणी ओळखलं.

"ह्यो तोरणा," त्या म्हणाल्या. "माझ्या म्हायेरच्या दारातनं असाच दिसतो."

कॅनडाच्या माणसांना तोरणा कसा माहीत, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण गेल्या कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. त्यांनी तो डोंगर काळपट तपकिरी केला, पावसाळा संपल्यावर दिसतो तसा.

जावयांचा एक मित्र त्याच आठवड्यात पुण्याहून विमानानं जाणार होता. शुक्रवारी सकाळी त्याच्याकडे दुपटं पोचतं करायचं होतं. गुरुवारी दुपारी सगळ्या आपापला वाटा घेऊन आमच्या ओसरीवर जमल्या. कागदाच्या कडेला अक्षरं आणि आकडे होते, तेवढे मात्र मला नीट वाचता येत होते. त्याप्रमाणे मी एकेक तुकडा पांढऱ्या कापडावर मांडत गेले आणि मागोमाग बाकीच्या तो काज टाक्यानं शिवत गेल्या. अगोदर डोंगर. डोंगराच्या खाली चार मोजे आले. डोंगराच्या पुढे वांगं आलं. वांग्याच्या वर कोयरी आली. आणि कोयरीच्या दोन्ही बाजूंनी बांगड्या भरलेले दोन हात वर गेले.

अंगणवाडीच्या बाईंनी मान तिरकी केली. मग गिरणीवाल्या काकू, ज्यांना मनात आलेलं पोटात ठेवता येत नाही, त्या म्हणाल्या, "अगं बाई. रेडा."

तो रेडाच होता. काळपट, आडदांड, थोराड नाकाचा. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. आणि रेड्यावर बसून कोण येतं हे त्या ओसरीवर कुणाला सांगायची गरज नव्हती. तान्ह्या बाळाच्या अंगावर आम्ही यमाचं वाहन शिवलं होतं, तेही मोजे घालून.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "माझ्या हातानं," एवढंच त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं केला म्या ह्यो."

मला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी भोरच्या दुकानात फोन लावला, म्हटलं ते पहिलं पान उघडून नुसतं सांगा तरी कसलं चित्र आहे. मालक म्हणाला, "ताई, सकाळपासून वीज नाही. पण चिंता करू नका, तुमचं पान आत सुरक्षित आहे." वन्संना फोन करावा तर त्यांच्याकडे मध्यरात्र आणि त्यांचे दिवस भरत आलेले. रेड्याबद्दल विचारायला कुणाला झोपेतून उठवतात का?

उसवून नव्यानं करायला वेळ नव्हता. काज टाका इतका दाट घातला होता की उसवताना कापडच फाटलं असतं. शेवटी चाची पुढे झाली. तिनं कंबरेवर हात ठेवून जनावराकडे नीट बघितलं.

"ह्याला झूल घाला," ती म्हणाली. "झूल घातली की बैल. रेड्याला कोन झूल घालतं?"

सासूबाईंनी मान वर केली.

मग जे काम झालं तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. चाचीनं लाल आणि पिवळ्या कापडाची झूल कापली आणि तोरण्यावर टाकली. काकूंचे हात शिंगं झाले. शिंगांना बेगड लावतात, गोंडे बांधतात, मग बांगड्या असल्या तर कुठं बिघडलं, असं ठरलं. कपाळाला बाशिंग आलं. गळ्यात घुंगरांची माळ आली. वांग्याचा देठ मी काढायला निघाले तर अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, राहू द्या, चारा खातोय असं दिसतंय. साबणाला कुणी हात लावला नाही. बैल सणाला धुतातच की.

वरचा थर झाला. आता आत भर घालून अस्तर लावायचं राहिलं होतं. भर म्हणून वन्संच्या हुकमाप्रमाणे मी भोरहून नवीन पांढरा कापूस आणून ठेवला होता. बायका चहाला आत गेल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू पन जा. भर म्या घालते."

मी पाण्याचा तांब्या विसरले म्हणून परत आले तर त्यांनी दार लोटून घेतलेलं. फटीतून दिसलं. पांढरा कापूस होता तसाच कोपऱ्यात होता आणि सासूबाई दुपट्याच्या पोटात हिरवं लुगडं अंथरत होत्या. आदल्या दिवशीच मी त्यांना परसात ते धुताना पाहिलं होतं. साबण लावून, उकळत्या पाण्यातून काढून, कडुनिंबाचा पाला घालून, पुन्हा साबण. त्याचा हिरवा रंग जवळजवळ उडाला होता. त्या ते तळहातानं सारखं करत होत्या आणि पुटपुटत होत्या, "न्हाई आता जंतू. एक बी न्हाई."

मी तांब्या न घेताच चहाला गेले. तो कापूस पुढे आम्ही निरांजनाच्या वातींना वापरला, दोन वर्षं पुरला.

बैल विमानात बसून गेला. मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत हे ऐकून सासूबाईंनी गावभर साखर वाटली, आणि मग पुढचे सगळे रविवार एकाच गोष्टीची वाट पाहिली. वन्सं दुपट्याबद्दल काहीच बोलेनात. शेवटी मीच विचारलं.

"वहिनी," वन्सं जपून म्हणाल्या, "ते काय आहे?"

"बैल. आणि तो पिवळा चौकोन साबण."

"मी तुम्हाला मूसचा नमुना पाठवला होता."

"मूस म्हणजे?"

"इथलं जनावर आहे. आपल्या सांबरासारखं. मोठं नाक, वर पंजासारखी शिंगं." मग त्या घाईनं म्हणाल्या, "पण छान आहे हं. मी नीट घडी करून कपाटात वर जपून ठेवलंय."

मी ते सासूबाईंना सांगितलं. सगळंच सांगितलं, जपून ठेवलंय हेही. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

"जपून ठिवलं म्हंजे वापरत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि गोठ्यात निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी दुपट्याचा विषय काढला नाही. रविवारी फोन आला की नातीला ताप नाही ना, दात आले का, एवढंच विचारायच्या. बाज आम्ही लोकांना बसायला अंगणात टाकली.

वर्षं गेली. घरात मोबाईल आला. सासूबाईंचा त्याच्यावर भरवसा नव्हता, त्या तो कानापासून वीतभर लांब धरून ओरडून बोलायच्या, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं सगळ्या अंगणाला ऐकू यायचं. नात तीन-चार वर्षांची झाली होती आणि अजून आमच्यापैकी कुणीही तिला पाहिलं नव्हतं. एका रविवारी वन्संचा आवाज वेगळाच आला.

"आई, हिनं ते दुपटं कपाटातून ओढून काढलं. महिना झाला, सोडतच नाही. घरभर फरफटत नेते. बैल बैल म्हणते. दुसरं मराठी काही येत नाही, बैल आणि साबण."

मी तोंडात पदर कोंबला.

"परवा हिला प्राणिसंग्रहालयात नेलं. खरा मूस दाखवला. तर म्हणे, ह्या बैलाची झूल कुठाय? ह्याला मोजे का नाही घातले? रडायला लागली, म्हणाली, हा चुकीचा केलाय."

सासूबाई हसल्या नाहीत. त्या पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. आईला कळतं, पोरगी जे सांगायला फोन करते ते शेवटी येतं.

"आई," वन्सं म्हणाल्या, "मशीनमध्ये धुऊन धुऊन त्याचं पोट फाटलं. आतून तुझं हिरवं लुगडं बाहेर आलंय."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "टाकू नगस," त्या म्हणाल्या. ओरडायचं विसरल्या. "लई धुतलं हुतं म्या. निंबाचा पाला घातला हुता."

"टाकते कशी? ती त्या भोकात बोट घालते, लुगडं चोळत बसते, तेव्हा कुठं झोपते. शिवायला घेतलं तर घर डोक्यावर घेते."

सासूबाईंनी मोबाईल दुसऱ्या हातात घेतला.

"काल ती झोपल्यावर मी पण त्याला नाक लावून बघितलं," वन्सं म्हणाल्या. "तुझा वास येतो का बघितलं. नाही येत गं आई. काहीच नाही राहिलं त्यात. नुसता मशीनच्या साबणाचा वास येतो."

अंगणात आम्ही सगळे उगीच इकडंतिकडं बघत होतो. सासूबाई मोबाईल माझ्या हातात देऊन उठल्या आणि आत गेल्या. वन्सं तिकडं "आई, आई" म्हणत होत्या. मी म्हटलं, थांबा वन्सं, येतील.

त्या आल्या तेव्हा दुसरं लुगडं नेसलेल्या होत्या. सकाळपासून अंगावर होतं ते हातात होतं. त्याच लुगड्यात त्यांनी शेण भरलं होतं, चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या होत्या, म्हशीला पाणी पाजलं होतं. पदराला अजून पीठ होतं. त्यांनी त्याची बाजेवर नीट घडी घातली आणि माझ्यापुढं धरली.

"ह्ये धाड," त्या म्हणाल्या.

"धुऊन वाळवते आणि उद्या पाठवते, आत्या."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "धुवू नगस."

मी ते तसंच पिशवीत घातलं.